ऑटोइम्यून आजारांवर स्टेम सेल: खरा उपचार कोणता आणि विकला जातो तो कोणता

मल्टिपल स्क्लेरोसिस, स्क्लेरोडर्मा, ल्युपस, आमवात, क्रोन्स यांपैकी एखादा आजार घरात निघाला की थोड्याच दिवसांत कुणीतरी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवतं: ‘स्टेम सेलने मुळापासून बरा’. त्या व्हिडिओतला उपचार आणि ज्याचे निकाल वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले तो उपचार, हे बहुतेक वेळा दोन वेगळे उपचार असतात. एकात रुग्ण तीन-चार आठवडे रुग्णालयात राहतो, केस जातात, पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर येतात. दुसऱ्यात सकाळी सलाईनमधून पेशी चढवतात आणि संध्याकाळी घरी सोडतात. पहिल्याचे निकाल दाखवून दुसरा गळ्यात मारायचा, यावर बरीच दुकानं चालतात. तेव्हा आधी पहिला उपचार नीट पाहू.

काम केमो करते, पेशी सावरून घेतात

ऑटोइम्यून आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खरवडलं जातं. स्क्लेरोडर्मात त्वचा कडक होत जाते आणि गंभीर प्रकारात फुप्फुसं, हृदय, मूत्रपिंडही त्याच्या तावडीत सापडतात. हल्ला करणाऱ्या टी आणि बी पेशींना (या पांढऱ्या रक्तपेशीच) आपलं लक्ष्य पाठ झालेलं असतं. नेहमीची बरीचशी औषधं त्यांना दाबून ठेवतात, म्हणून औषध सुटलं की आजार पुन्हा डोकं वर काढतो.

रक्ताच्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या मूळ पेशी) वापरून केल्या जाणाऱ्या ऑटोलॉगस ट्रान्सप्लांटमध्ये (‘ऑटोलॉगस’ म्हणजे पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच) या पेशी जोरदार केमोथेरपी आणि अँटीबॉडी देऊन जवळजवळ साफ केल्या जातात. तणाने भरलेलं शेत पुरतं नांगरून काढायचं, पण त्याआधी थोडं बियाणं घरात काढून ठेवायचं, असा हा प्रकार. तण मारतो तो नांगर; बियाणं शेत पुन्हा उभं राहावं म्हणून. ऐकायला साधं असलं तरी रुग्णांचा आणि नातेवाइकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. परत दिलेल्या स्टेम सेल मेंदूत जाऊन मायलिन शिवत नाहीत, कडक झालेली त्वचा मऊ करत नाहीत. त्या अस्थिमज्जेत म्हणजे बोन मॅरोत जाऊन बसतात आणि रक्त तयार करू लागतात, एवढंच त्यांचं काम. एमएसमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत तर अस्थिमज्जा या पेशींशिवायही यथावकाश सावरली असती. पेशी दिल्यामुळे मधला धोक्याचा काळ आखूड होतो.

पुढच्या महिन्यांत छातीतल्या थायमस ग्रंथीतून नव्या, कोऱ्या टी पेशी बाहेर पडू लागतात. एमएसच्या रुग्णांत उपचारानंतर टी पेशींचा संच खरोखर बदललेला असतो, हे २००५ साली दाखवलं गेलं. ही घडी नीट बसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. वयाबरोबर थायमस आकसत जातो. तरुण रुग्णांना या उपचाराचा फायदा जास्त होण्यामागे हेही एक कारण आहे.

कल्पना सुचली ती कर्करोगाच्या वॉर्डातून. रक्ताच्या कर्करोगासाठी ट्रान्सप्लांट झालेल्या काही रुग्णांना आमवात किंवा सोरायसिसही होता, आणि ट्रान्सप्लांटनंतर तोही शांत झाला. मग प्राण्यांवर प्रयोग झाले आणि १९९५ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकी इथे एमएसच्या रुग्णांवर या उपचाराला सुरुवात झाली.

एकेक पायरी

पहिले काही आठवडे तपासण्यांत जातात. इको, फुप्फुसांची क्षमता, मूत्रपिंड, यकृत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. आपल्याकडे टीबीची तपासणी कधीही टाळू नये, कारण दबून बसलेला टीबी प्रतिकारशक्ती खाली गेली की उफाळतो. दात दाखवून घ्यायला सांगतात ते याच कारणासाठी: किडलेल्या दाढेतला पू एरवी नुसता दुखतो, पांढऱ्या पेशी नसताना तोच रक्तात पसरू शकतो. स्क्लेरोडर्मात हृदयाची तपासणी फार बारकाईने लागते. नुसती इको पुरत नाही. हृदयाचा एमआरआय आणि उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशनही (शिरेतून हृदयात नळी घालून आतला दाब मोजणं) करतात. मूल हवं असेल तर वीर्य, बीजांडं किंवा भ्रूण गोठवण्याचा निर्णय याच टप्प्यावर घ्यायचा. पहिलं केमो गेल्यावर तो विचार करण्यात अर्थ उरत नाही.

पुढची पायरी स्टेम सेल रक्तात उतरवण्याची. एरवी त्या अस्थिमज्जेत असतात. सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा एक मोठा डोस (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २ ते ४ ग्रॅम) देतात आणि मग रोज अस्थिमज्जेला चेतवणाऱ्या जी-सीएसएफची, म्हणजे फिल्ग्रास्टिमची, कातडीखाली सुई: दर किलो वजनामागे ५ ते १० मायक्रोग्रॅम. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड ठणकतं. ते पॅरासिटामॉलने बहुतेक आवरतं. नुसतं जी-सीएसएफ देऊन केमो का वाचवत नाहीत? कारण एमएसमध्ये एकट्या जी-सीएसएफने आजार भडकल्याची उदाहरणं आहेत. सायक्लोफॉस्फामाइड किंवा स्टिरॉइडची जोड त्यासाठीच असते.

साधारण दहाव्या दिवशी रक्तातल्या सीडी-३४ पेशी, म्हणजे ही खूण असलेल्या स्टेम सेल, मोजतात. आकडा पुरेसा वर आला की रुग्णाला एफेरेसिस यंत्राला जोडतात. डेंग्यूच्या दिवसांत एसडीपी प्लेटलेट काढतात त्याच जातीचं हे यंत्र. एका नळीतून रक्त आत जातं, हव्या त्या पेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त परत येतं. चार-पाच तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम पकडतं, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. हे सिस्टरला लगेच सांगायचं. कॅल्शियम दिलं की थांबतं. सोसत बसलं तर हातपाय आखडतात.

किमान लागतात दर किलोमागे २० लाख सीडी-३४ पेशी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ कोटी. पहिल्या दिवशी तेवढ्या जमल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी परत बसावं लागतं. जमलेल्या पेशी डीएमएसओ नावाच्या द्रवात मिसळून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास, गोठवतात. मग रुग्ण काही दिवस घरी.

खरा उपचार दुसऱ्या भरतीत. एमएस आणि स्क्लेरोडर्मात वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत सायक्लोफॉस्फामाइड दर किलोमागे ५० मिलिग्रॅम, असे चार दिवस देतात. ६० किलोच्या माणसाला रोज ३ ग्रॅम, एकूण १२ ग्रॅम. त्याच्या विघटनातून निघणारं एक द्रव्य मूत्राशयाचं अस्तर जाळतं आणि लघवीतून रक्त जाऊ शकतं. म्हणून मेस्ना हे औषध आणि भरपूर सलाईन जोडीला असतं, आणि रात्रीसुद्धा उठवून लघवी करायला लावतात. दुसरी पद्धत ‘बीम’: कार्मुस्टीन, इटोपोसाइड, सायटाराबीन आणि मेल्फालन, सहा दिवसांत. दोन्हींबरोबर एटीजी असतं, म्हणजे सशापासून मिळवलेली, टी पेशी मारणारी अँटीबॉडी. तिने पहिल्या डोसला हुडहुडी भरून ताप येतो. एमएसच्या रुग्णात नुसत्या तापानेही जुनी लक्षणं तात्पुरती वाढतात. काल चालणारा माणूस आज उठू शकत नाही आणि घरच्यांचं धाबं दणाणतं. ताप उतरला की बहुतेक वेळा हे मागे सरतं. एटीजीआधी स्टिरॉइड देतात ते याच्याचसाठी.

मग येतो ‘डे झीरो’. ३७ अंशांच्या पाण्यात पिशवी वितळवतात आणि लगेच सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) सोडतात. लगेच, कारण वितळल्यावर डीएमएसओ पेशींनाच मारक ठरतं. घशात खवखवतं, मळमळतं. खोलीत लसणासारखा वास भरतो आणि एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला तो येत राहतो. हा प्रसंग नातेवाइकांना शस्त्रक्रियेसारखा वाटत असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तासाभरात सगळं आटोपतं, आणि कठीण दिवस त्यानंतर सुरू होतात.

काउंट पडतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली, प्लेटलेट १०-२० हजारांवर. तोंड येतं, जुलाब होतात, केस जातात. गाळलेल्या हवेच्या खोलीत राहायचं, ताजं शिजवलेलं खायचं; बाहेरचा ज्यूस आणि प्रसाद बंद. ३८ अंशांच्या वर ताप गेला की कल्चर (जंतू शोधायला रक्ताचा नमुना) घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं; ‘सकाळी बघू’ इथे चालत नाही. रक्त आणि प्लेटलेट लागतात, त्या रेडिएशन दिलेल्याच हव्यात. दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट (टी-बी पेशींसारख्या पांढऱ्या पेशी) या काळात रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू शकतात, आणि सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तात हा धोका अधिक असतो. भाऊ रक्त द्यायला धावत येतो ते प्रेमापोटी, पण त्याचं रक्त इरॅडिएट न करता लावणं घातक ठरू शकतं.

बहुधा नवव्या ते चौदाव्या दिवसात न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर टिकतात. म्हणजे पेशी रुजल्या. मग घरी जाण्याची भाषा सुरू होते, पण घरी गेलं म्हणून संपलं नाही. असायक्लोव्हिर आणि कोट्रायमॉक्साझोल ही संसर्ग टाळणारी औषधं काही महिने चालू राहतात, सीएमव्ही आणि ईबीव्ही या विषाणूंची पीसीआर तपासणी होत राहते. लहानपणीच्या लसींचं संरक्षण बऱ्याच अंशी पुसलं गेलेलं असतं. निष्क्रिय लसी साधारण सहा महिन्यांपासून पुन्हा घ्यायच्या. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत देत नाहीत. कामावर पूर्ण ताकदीने परतायला तीन ते सहा महिने धरावेत.

कुणाला उपयोगी पडलं, कुणाला नाही

एमएसचा पुरावा सगळ्यात चांगला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्ट’ चाचणीत ११० रुग्ण होते. ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी ३ जणांचं अपंगत्व वाढलं, नेहमीच्या औषधांवरच्या गटात ३४ जणांचं. मृत्यू एकही नाही. मात्र दुसऱ्या गटाला आज मिळतात ती सगळी जोरकस औषधं, उदाहरणार्थ ऑक्रेलिझुमॅब, मिळाली नव्हती. म्हणूनच अमेरिकेत ‘बीट-एमएस’, ब्रिटनमध्ये ‘स्टार-एमएस’ आणि नॉर्वेच्या पुढाकाराने ‘रॅम-एमएस’ अशा, अधिक जोरकस औषधांशी तुलना करणाऱ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या.

फायदा होणारा रुग्ण ओळखता येतो: वय पंचेचाळिशीच्या आत, आजार दहा वर्षांहून जुना नाही, अजून चालू शकतो, चांगली औषधं घेऊनही झटके (लक्षणं अचानक वाढण्याचे प्रसंग) येतात आणि एमआरआयमध्ये ताजी सूज दिसते. झटके थांबून वर्षानुवर्षं हळूहळू खालावणाऱ्या, एमआरआयमध्ये नवं काहीच न दिसणाऱ्या रुग्णाला फारसं हाती लागत नाही. विझलेल्या ठिकाणी केमो विझवणार काय? व्हिडिओ पाहून येणाऱ्यांत नेमके हेच रुग्ण जास्त असतात, आणि त्यांना ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा.

स्क्लेरोडर्मात सौदा अधिक कडक आहे. युरोपातल्या ‘अॅस्टिस’ चाचणीत (२०१४) ट्रान्सप्लांटच्या ७९ रुग्णांपैकी ८ जण उपचारामुळेच गेले. पहिल्या वर्षी ट्रान्सप्लांटचा गट मागे होता. पुढच्या वर्षांत चित्र पालटलं आणि जगण्याचं प्रमाण त्या गटात जास्त राहिलं. अमेरिकेतल्या ‘स्कॉट’ चाचणीत (२०१८) ७५ रुग्ण होते. साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा गंभीर अवयव-निकामीपणा टाळून असलेले ट्रान्सप्लांट गटात ७९ टक्के, तर दर महिन्याला सायक्लोफॉस्फामाइड घेणाऱ्यांत ५० टक्के. उपचाराने झालेले मृत्यू तोवर ३ टक्के. धोक्याचं मोठं कारण हृदय. आजाराने आतून कडक झालेलं हृदय सायक्लोफॉस्फामाइडचा आणि सलाईनच्या पाण्याचा भार पेलत नाही, आणि साध्या इकोत ते कळेलच असं नाही. वर एमआरआय आणि कॅथेटरायझेशनवर भर दिला तो यासाठी.

क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याच्या ऑटोइम्यून दाहात, ‘अॅस्टिक’ चाचणीने (२०१५) निराशा केली. ४५ रुग्णांत ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं ते ट्रान्सप्लांट गटात २ आणि दुसऱ्या गटात १ अशा मोजक्याच जणांनी, आणि एक रुग्ण दगावला. टाइप १ मधुमेहात ब्राझीलमधल्या रिबेराओ प्रेटो इथल्या गटाने २००७ साली १५ नव्या रुग्णांचे निकाल दिले. १४ जण काही काळ इन्शुलिनशिवाय राहिले. मथळे मोठे झाले. पुढे बहुतेकांना पुन्हा इन्शुलिन लागलं. कारण उघड आहे: हल्ला थांबवला तरी इन्शुलिन बनवणाऱ्या, मेलेल्या बीटा पेशी परत येत नाहीत. नेमक्या याच तर्काने, दहा वर्षं मधुमेह असलेल्याला हा उपचार सुचवणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा लबाड.

उशिरा दिसणारे त्रासही आहेत. पाळी कायमची जाऊ शकते, विशेषतः तिशीनंतर. गंमत अशी की एक ऑटोइम्यून आजार घालवताना दुसरा उगवू शकतो: बहुधा थायरॉइडचा, क्वचित प्लेटलेट घटण्याचा. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं.

संध्याकाळी घरी सोडणारा उपचार

जाहिरातीतल्या पेशी बहुधा ‘मेसेन्कायमल’ असतात. चरबीतून, नाळेतून किंवा अस्थिमज्जेतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या. त्यांच्यात प्रतिकारयंत्रणेला शांत करणारी रसायनं सोडण्याचा गुण आहे आणि त्यावर खरं संशोधन चालू आहे, हे मान्य. पण शिरेतून दिल्या की त्यातल्या बहुतेक फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. मेंदूत जाऊन नवं काही घडवणं त्यांच्या हातून होत नाही. एमएसच्या १४४ रुग्णांवर नऊ देशांत झालेल्या ‘मेसेम्स’ चाचणीत, २०२१ च्या निकालानुसार, २४ आठवड्यांनी एमआरआयमधल्या ताज्या डागांत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली उपचारापेक्षा) फरक पडला नाही. क्रोन्समधल्या भगेंद्रासाठी युरोपात २०१८ मध्ये ‘डार्व्हाडस्ट्रोसेल’ या पेशी-औषधाला परवानगी मिळाली होती: १२ कोटी पेशी, थेट भगेंद्राच्या वाटेत टोचून. दुसऱ्या मोठ्या चाचणीत प्लासिबोहून सरस ठरलं नाही आणि २०२४ अखेर ते युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. कंपनी, परवाना, गुणवत्ता-नियंत्रण सगळं असूनही असं झालं. मग तळमजल्यावरच्या क्लिनिकमधल्या पिशवीत किती पेशी आहेत, जिवंत किती आहेत, हे कोण मोजतं?

‘फायदा नाही तरी तोटा तर नाही ना’ हेही खरं नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून केलेल्या, मान्यता नसलेल्या उत्पादनाच्या इंजेक्शननंतर १२ रुग्णांना जिवाणूसंसर्ग झाल्याची नोंद तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने केली. पक्षाघातासाठी देशोदेशी जाऊन मणक्यात पेशी टोचून घेतलेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूत दुसऱ्याच कुणाच्या पेशींची गाठ वाढल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.

भारतात नियम स्पष्ट आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्य कारणांसाठीचा रक्ताच्या स्टेम सेलचा ट्रान्सप्लांट सोडला तर बाकी स्टेम सेल उपचार मंजूर क्लिनिकल ट्रायलच्या बाहेर देणं अनैतिक ठरतं. २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन ‘नवं औषध’ धरलं जातं. म्हणून ‘आमची ट्रायल चालू आहे’ असं कुणी म्हणालं तर सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदवही) क्रमांक मागा. संकेतस्थळावर तो कुणालाही फुकट तपासता येतो. ट्रायलमधलं औषध रुग्णाला लाखो रुपयांना विकायचं नसतं, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद नियमांतच आहे. प्रसूतीच्या वेळी नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवायचा जो आग्रह होतो, त्यालाही आयसीएमआरचा पाठिंबा नाही.

ल्युपसमध्ये आता लक्ष वळलं आहे ते कार-टीकडे. रुग्णाच्याच टी पेशींना प्रयोगशाळेत बी पेशी ओळखायला शिकवून परत सोडायचं. जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या गटाने २०२४ मध्ये १५ रुग्णांचे निकाल दिले: ८ ल्युपस, ४ स्क्लेरोडर्मा, ३ स्नायूंचा दाह. ल्युपसचे आठही जण इतर औषधं सोडून शांत अवस्थेत होते. आकडा लहान आहे, पाठपुरावा थोडा आहे. आयआयटी मुंबईत जन्मलेलं आणि टाटा मेमोरियलच्या साथीने तपासलेलं ‘नेक्सकार१९’ हे कार-टी आपल्याकडे २०२३ पासून उपलब्ध आहे, पण त्याची मान्यता बी पेशींच्या कर्करोगांपुरती.

एमएस किंवा स्क्लेरोडर्मासाठी ट्रान्सप्लांटचा विचार खरंच करायचा असेल तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि ट्रान्सप्लांट करणारे हिमॅटॉलॉजिस्ट, दोघांचं मत एकत्र घ्या. सोबत गेल्या दोन वर्षांतले एमआरआय सीडीसह, घेतलेल्या प्रत्येक औषधाच्या सुरू-बंद तारखा, झटक्यांची तारीखवार नोंद. स्क्लेरोडर्मात फुप्फुसांचा एचआरसीटी (बारीक सीटी स्कॅन) आणि पीएफटी (फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी). आणि तिथे चार गोष्टी विचारा: कर्करोग सोडून ऑटोइम्यून आजारासाठी आजवर किती ट्रान्सप्लांट केले, त्यांतले किती दगावले, कुठली केमो देणार, आणि ठरलेल्या पॅकेजमध्ये तापाची औषधं, इरॅडिएटेड रक्त आणि नंतरच्या पीसीआर तपासण्या धरल्या आहेत का.